जॉन मोझेस ब्राउनिंग : खिशात मावणारं मशीन

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी तो एक जॉब केलेला आहे. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानस घासत बसायचं. तीन आठवडे घासूनही ट्राय स्क्वेअर लावला की फटीतून उजेड दिसतोच. मग इन्स्ट्रक्टर साहेब चष्म्यावरून आपल्याकडे बघतात आणि जॉब परत व्हाइसमध्ये जातो.

हा लेख अशा एका माणसाबद्दल आहे ज्याचं सगळं आयुष्य व्हाइस आणि कानशीपाशी गेलं. त्याच्याकडे कुठलीही डिग्री नव्हती. तो आपल्यासारखी शीट काढत नसे. डोक्यात जे दिसलं ते कागदावर कसंबसं गिरवायचं, स्टीलच्या पत्र्यातून टेम्प्लेट कापायचं आणि थेट पार्ट बनवायला घ्यायचा. त्याच्या नावावर १२८ पेटंट्स आहेत. आज तुम्ही सिनेमात, पोलिसाच्या कमरेला किंवा रात्री जागून खेळता त्या गेममध्ये जे ऑटोमॅटिक पिस्तूल बघता, त्यात वरचा जो भाग झटकन मागे जाऊन पुढे येतो, म्हणजे स्लाइड, ती कल्पना त्याची. माणसाचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

त्याच्या मशीनगन आणि रायफलींवर इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं सापडेल. मला इथे जास्त करून त्याच्या सगळ्यात छोट्या मशीनबद्दल लिहायचंय, म्हणजे खिशात लपवता येणाऱ्या पिस्तुलांबद्दल. कारण आपल्या महाराष्ट्राशी आणि एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याशी ह्या मशीनचा संबंध आलेला आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो.

ब्राउनिंगचा जन्म जानेवारी १८५५ मध्ये अमेरिकेतल्या यूटा प्रांतात ऑग्डन ह्या गावी झाला. वडील जोनाथन हे बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. ते मॉर्मन पंथाचे होते आणि त्या पंथाच्या लोकांबरोबर स्थलांतर करत ते यूटामध्ये येऊन स्थायिक झाले. त्यांना तीन बायका आणि बावीस मुलं. होय, बावीस. म्हणजे आपल्या मेसच्या एका बॅचएवढं कुटुंब. जॉनचं बालपण वडिलांच्या दुकानातल्या भंगारात गेलं. नांगराच्या फाळापासून फुटक्या बंदुकीपर्यंत सगळं तिथे दुरुस्तीला यायचं. दहा वर्षांचा असताना त्याने टाकून दिलेल्या एका नळीला लाकडाची फळी आणि पत्रा जोडून स्वतःची पहिली बंदूक बनवली आणि धाकट्या भावाला, मॅटला, घेऊन पाखरं मारायला गेला असं सांगतात.

ते वर्ष साधारण १८६५. त्याच वर्षी १४ एप्रिलला वॉशिंग्टनच्या एका नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांना गोळी घातली गेली. ती ज्या पिस्तुलातून सुटली ते फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने बनवलेलं मुठीएवढं पिस्तूल होतं. म्हणजे खिशात लपणारं हत्यार ब्राउनिंगच्या आधीपासून होतंच. पण त्यात एकच गोळी असायची, तीही पुढून दारू ठासून भरायची. दुसरी गोळी भरेपर्यंत आजूबाजूचे लोक अंगावर आलेले असायचे. छोटं पिस्तूल म्हणजे एक गोळी, आणि जास्त गोळ्या म्हणजे फुगीर चक्राचं रिव्हॉल्व्हर, असा तेव्हाचा हिशोब होता. हा हिशोब पुढे ऑग्डनच्या ह्या मुलाने बदलला.

त्याच्या तरुणपणातली कहाणी मी पटापट सांगतो. १८७९ मध्ये त्याचं लग्न झालं, वडील वारले आणि ऑक्टोबरमध्ये पहिलं पेटंट मिळालं, सगळं एकाच वर्षात. ते पेटंट एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या रायफलचं होतं. भावांनी मिळून ऑग्डनमध्ये छोटा कारखाना टाकला आणि सुमारे सहाशे रायफली हाताने बनवल्या. त्यातली एक विंचेस्टर ह्या बलाढ्य कंपनीच्या माणसांच्या हाती लागली. १८८३ मध्ये कंपनीचे टी. जी. बेनेट स्वतः आगगाडीत बसून ऑग्डनला आले आणि त्यांनी आठ हजार डॉलर्सना हक्क विकत घेतले. कॅम्पस इंटरव्ह्यूला कंपनी आपल्या घरी यावी तसाच हा प्रकार. पुढची एकोणीस वर्षं ब्राउनिंग एकापाठोपाठ एक मॉडेल्स बनवत राहिला आणि विंचेस्टर ती विकत घेत राहिली. गंमत म्हणजे त्यातली बरीच मॉडेल्स कंपनीने कधी बनवलीच नाहीत. दुसऱ्या कंपनीला मिळू नयेत एवढ्यासाठी पैसे मोजले आणि कपाटात ठेवून दिली.

मध्येच १८८७ ते १८८९ अशी दोन वर्षं तो सगळं सोडून जॉर्जिया राज्यात आपल्या पंथाचा प्रचार करायला गेला. तिथे एका दुकानाच्या काचेत त्याला स्वतः डिझाइन केलेली शॉटगन दिसली आणि त्याने ती हातात घेऊन सराईतपणे चालवली तेव्हा दुकानदार चाट पडला, अशी एक गोष्ट सांगतात. धुळीने माखलेल्या प्रचारकाला बंदुकीतलं एवढं कसं कळतं हे बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

खरी कलाटणी १८८९ मध्ये मिळाली. ऑग्डनजवळ नेमबाजीचा सराव चालू होता. ब्राउनिंगचं लक्ष टार्गेटकडे नव्हतं, गवताकडे होतं. दर गोळीबरोबर नळीच्या तोंडातून जो वायू बाहेर पडत होता त्याने समोरचं गवत आडवं होत होतं. बाकीच्यांनीही ते शंभर वेळा पाहिलं असणार. ह्याच्या डोक्यात मात्र विचार आला की एवढी ऊर्जा फुकट चालली आहे, तिला कामाला का लावू नये? थर्मोच्या पहिल्या लेक्चरला आपल्याला हेच शिकवतात, पण आपण ते परीक्षेपुरतं पाठ करतो. तो घरी गेला आणि बहुतेक दुसऱ्याच दिवशी नळीसमोर भोक पाडलेला लोखंडी तुकडा ठेवून प्रयोगाला लागला. ह्यातून वायूवर चालणारी मशीनगन झाली, जी कोल्ट कंपनीने १८९५ चं मॉडेल म्हणून विकली. आणि ह्याच विचारातून पिस्तूलही आलं.

आता थोडं टेक्निकल. मेकॅनिकलवाल्यांनी नीट वाचा, आयटीवाल्यांनी एक पॅरेग्राफ सोडला तरी चालेल.

गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग मागच्या दिशेलाही मिळतो. हा न्यूटनचा तिसरा नियम. ब्राउनिंगने नळीच्या मागचा आणि वरचा भाग एक सरकती जड पेटी म्हणून बनवला, तीच स्लाइड. गोळीने मागे ढकललं की स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते, स्प्रिंग दाबते, आणि परत पुढे येताना मुठीतल्या मॅगझिनमधून नवीन काडतूस उचलून नळीत बसवते. लहान काडतुसासाठी स्लाइडला कुठेही कुलूप लावायची गरज नाही. तिचं वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढंच पुरतं. गोळी नळीतून बाहेर जाईपर्यंत स्लाइड जेमतेम हलू लागलेली असते. ह्याला ब्लोबॅक म्हणतात.

पण हे लहान काडतुसालाच का चालतं? हिशोब करून बघा. ०.३२ च्या काडतुसात गोळी साधारण ४.६ ग्रॅमची आणि वेग सुमारे २८० मीटर प्रति सेकंद. ३०० ग्रॅमची स्लाइड धरली तर ती साधारण ४.३ मीटर प्रति सेकंदाने मागे येईल. आता ०.४५ चं काडतूस घ्या, गोळी १५ ग्रॅम आणि वेग २५५ च्या आसपास. स्लाइडचा वेग तेवढाच ठेवायचा असेल तर नुसती स्लाइडच जवळजवळ नऊशे ग्रॅमची लागेल. असं पिस्तूल खिशात घातलं तर पँट खाली येईल. म्हणून मोठ्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवावी लागते. तेही ब्राउनिंगनेच करून दाखवलं, पण ते नंतर.

१८९७ मध्ये त्याला चार पिस्तुलांची पेटंट्स एकाच दिवशी मिळाली. कोल्ट कंपनीला मोठ्या, सैन्याला विकता येतील अशा पिस्तुलांत रस होता. छोट्या ०.३२ च्या पिस्तुलाकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. त्याच सुमारास बेल्जियमच्या फाब्रिक नॅसिओनाल, म्हणजे एफएन ह्या कंपनीचे प्रतिनिधी हार्ट बर्ग अमेरिकेत आले होते. लिएज शहराजवळ एर्स्ताल इथे त्यांचा कारखाना होता. १८८९ मध्ये सुरू झालेला, पण पुरेसं काम नव्हतं म्हणून सायकलीसुद्धा बनवायचा. बर्गनी ते छोटं पिस्तूल पाहिलं आणि जुलै १८९७ मध्ये करार झाला. ब्राउनिंगची पिस्तुलं अमेरिकेत कोल्टने विकायची आणि युरोपात एफएनने, अशी पुढे वाटणी झाली. १९०२ मध्ये विंचेस्टरशी रॉयल्टीवरून भांडण झालं तेव्हा ब्राउनिंग आपली नवी ऑटोमॅटिक शॉटगन काखोटीला मारून आधी रेमिंग्टनकडे गेला. तिथले अध्यक्ष त्याच दिवशी हृदयविकाराने वारले. मग तो बोटीत बसून थेट बेल्जियमला गेला. तिथून त्याचं आणि लिएजचं नातं शेवटपर्यंत टिकलं.

आता त्याच्या खिशातल्या पिस्तुलांची तुलना करू. समजा एका शूटिंग रेंजवर टेबलावर चार पिस्तुलं ओळीने मांडली आहेत.

पहिलं एफएन १९००. वजन सुमारे ६२५ ग्रॅम, लांबी १७ सेंटीमीटरच्या आसपास, ०.३२ ची सात काडतुसं. ह्याची खासियत म्हणजे स्प्रिंग नळीच्या वर आहे. त्यामुळे नळी हाताच्या अगदी जवळ येते. बल आणि मनगट ह्यांतलं अंतर कमी म्हणजे मोमेंट कमी, म्हणून गोळी झाडल्यावर तोंड वर उसळण्याचं प्रमाणही कमी. शिवाय तीच एक स्प्रिंग स्लाइड परत आणायचं आणि फायरिंग पिनला मारायचं अशी दोन्ही कामं करते. एका पार्टकडून दोन कामं करून घ्यायची ही ब्राउनिंगची आवडती सवय होती.

दुसरं कोल्ट १९०३. ०.३२ ची आठ काडतुसं, वजन ६८० ग्रॅमच्या आसपास. कंपनीने ह्याला हॅमरलेस असं नाव दिलं, म्हणजे घोडा नसलेलं. खरं तर घोडा आहे, पण तो स्लाइडच्या आत झाकलेला आहे. खिशातून काढताना अस्तरात अडकू नये म्हणून. बाकी मुठीच्या मागच्या बाजूला एक पट्टी आहे, मूठ घट्ट धरल्याशिवाय चाप चालतच नाही. खिशात ठेवलेलं हत्यार चुकून उडू नये ह्यासाठी केलेली सोय. कोल्टने ०.३२ आणि ०.३८० मिळून ही सात लाखांच्या आसपास विकली आणि अमेरिकन सेनेच्या जनरल लोकांनाही नंतर हेच दिलं जाई.

तिसरं एफएन १९०६, ज्याला कोल्टने १९०८ मध्ये व्हेस्ट पॉकेट नावाने बाजारात आणलं. कोटाच्या आतल्या जाकिटाच्या खिशात, जिथे साहेब लोक घड्याळ ठेवायचे तिथे, मावणारं. लांबी ११४ मिलिमीटर, वजन साधारण ३६० ग्रॅम, ०.२५ ची सहा काडतुसं. आपल्या कंपास बॉक्सपेक्षा लहान. हे काडतूसही ब्राउनिंगनेच ह्यासाठी तयार केलं. गोळी ३.२ ग्रॅमची, ऊर्जा ८५ ज्यूलच्या आसपास. ०.३२ ची १८० च्या आसपास, म्हणजे ती दुप्पट झाली. मग ०.२२ चं स्वस्त काडतूस का वापरलं नाही? एनसीसीत ०.२२ ची रायफल चालवलेल्यांना माहीत असेल की कधी कधी चाप ओढूनही गोळी उडत नाही. ०.२२ मध्ये काडतुसाच्या कडेला ठोका बसतो, ब्राउनिंगच्या ०.२५ मध्ये मधोमध. मधला ठोका जास्त भरवशाचा.

चौथं एफएन १९१०. मला स्वतःला डिझाइन म्हणून हेच सगळ्यात देखणं वाटतं. स्प्रिंग वर नाही, खाली नाही, नळीच्या भोवतीच गुंडाळली आहे. त्यामुळे पिस्तूल बारीक आणि गुळगुळीत झालं, कुठे कोपरा नाही, अडकायला काही नाही. साधारण ५९० ग्रॅम, १५ सेंटीमीटर. ०.३२ मध्येही मिळायचं आणि त्याहून दणकट ०.३८० मध्येही. नळीभोवती स्प्रिंग ही युक्ती पुढे जर्मनीच्या वाल्थरनेही घेतली. जेम्स बाँडच्या हातात असतं ते पीपीके त्यातलंच.

आता रेंजवर कोण जिंकेल? साइट रेडियसचा विचार करा, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं अंतर. खुणा एकमेकींपासून एक मिलिमीटर जरी सरकल्या तरी दहा मीटरवर किती चूक होते? व्हेस्ट पॉकेटवर हे अंतर दहा सेंटीमीटर धरलं तरी चूक दहा सेंटीमीटरची. सैन्याच्या मोठ्या पिस्तुलावर १६५ मिलिमीटर, तर चूक सहा सेंटीमीटर. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत ज्या २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल प्रकारात खेळल्या, त्यात २२० मिलिमीटरपर्यंत परवानगी आहे. तिथे हीच चूक साडेचार सेंटीमीटरवर येते. म्हणजे पिस्तूल छोटं केलं की नेम बिघडणारच, भूमितीपुढे कोणाचंच चालत नाही.

धक्क्याचाही हिशोब करा. गोळीचा संवेग भागिले पिस्तुलाचं वजन. ०.२५ चं व्हेस्ट पॉकेट आणि ०.३२ चं १९००, दोन्ही साधारण दोन मीटर प्रति सेकंदाने मागे येतात. पण पहिलं धरायला मूठच नाही, करंगळी हवेत राहते. आणि ०.३८० मधलं १९१० तीन मीटरवर जातं, म्हणजे दीडपट. माझ्या मते रेंजवर पहिला नंबर कोल्ट १९०३ चा, दुसरा एफएन १९०० चा, तिसरा १९१० चा, आणि व्हेस्ट पॉकेट शेवटून पहिलं. अचूकता, ताकद, हाताळणी ह्या तिन्ही पेपरात ते नापास.

तरी ते लाखांनी खपलं. कारण ते रेंजसाठी बनवलेलंच नव्हतं. दुसऱ्याला दिसू नये ही त्याची पहिली रिक्वायरमेंट होती आणि तीत त्याला पैकीच्या पैकी मार्क होते.

इथेच मला थोडं अडखळायला होतं. आमच्या विंगमध्ये ह्यावर एकदा जोरदार वाद झाला. एक मित्र म्हणत होता की मशीन बनवणाऱ्याचा दोष नाही, वापरणाऱ्याचा असतो, चाकूचं उदाहरण वगैरे. मला ते ब्राउनिंगच्या शॉटगनबद्दल पटतं. रायफलबद्दल अर्धं पटतं. पण घड्याळाच्या खिशात मावलं पाहिजे हे स्पेसिफिकेशन लिहिताना ते कशासाठी लागणार हे डिझाइनरला कळत नसेल असं मला वाटत नाही. रात्रीच्या रस्त्यावर एकट्या माणसाला स्वतःचा जीव वाचवता यावा हा हेतू असेलही, तशी गिऱ्हाइकंही होती. पण ज्याला कोणाच्या जवळ जायचंय आणि तोपर्यंत ओळखू यायचं नाहीये, त्याच्यासाठीही तेच ड्रॉइंग लागू पडतं. दोन पावलांवरून साइट रेडियस कोण बघतो?

आणि इतिहासात झालंही तसंच. १६ जून १९०४ रोजी हेलसिंकीमध्ये अय्गेन शाउमान ह्या फिनिश तरुणाने रशियाचा गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह ह्याच्यावर एफएन १९०० मधून गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःला संपवलं. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या रेल्वे स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुन ह्यांनी जपानच्या इतो हिरोबुमीला मारलं, तेही एफएन १९०० नेच. कोरियात आन आजही हुतात्मा मानले जातात. परकी सत्ता, बंदी असलेली शस्त्रं आणि खिशातलं ब्राउनिंग. ह्याच १९०९ साली आपल्याकडेही तेच घडत होतं.

१८७८ च्या आर्म्स ॲक्टमुळे भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नव्हतं, युरोपियनांना मात्र सूट होती. लंडनमध्ये इंडिया हाऊसमध्ये राहणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांनी १९०९ च्या सुरुवातीला वीस ब्राउनिंग पिस्तुलं काडतुसांसह भारतात पाठवली. ती आणली चतुर्भुज अमीन ह्यांनी. ते इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी होते. पेटीला खोटा तळ करून त्याखाली पिस्तुलं दडवली होती. वीस मोठी रिव्हॉल्व्हर्स अशी आणता आली असती का? मला नाही वाटत. चपट्या पिस्तुलांचीच ही करामत.

त्याच वर्षी १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा ह्यांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. धिंग्रा युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये इंजिनीअरिंगचे विद्यार्थी होते, आपल्यासारखेच. त्यांच्याकडे कोल्टचं ऑटोमॅटिक पिस्तूल होतं, आणि कोल्टची ऑटोमॅटिक पिस्तुलं तेव्हा ब्राउनिंगच्याच पेटंटवर बनत होती. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका शूटिंग रेंजवर ते काही महिने सराव करत होते. घटनेच्या दिवशी संध्याकाळीसुद्धा तिथे जाऊन त्यांनी बारा गोळ्यांचा सराव केला आणि मग कपडे बदलून समारंभाला गेले. खटल्यात त्या रेंजच्या मालकाची साक्ष झाली. १७ ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात त्यांना फाशी दिलं.

आणि २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सन ह्यांच्या बदलीनिमित्त संगीत शारदा नाटकाचा प्रयोग ठेवला होता. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक, लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणायचे. पण बाबाराव सावरकरांना अटक करून खटला चालवायला पाठवणारेही तेच. अनंत कान्हेरे हा तेव्हाच्या औरंगाबादला शिकणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा प्रेक्षकांत बसला होता. जॅक्सन आत येताच त्याने जवळ जाऊन गोळ्या झाडल्या. पिस्तूल त्या विसांपैकी एक होतं. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ह्यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकरांवरच्या खटल्यातही ही पिस्तुलंच महत्त्वाचा पुरावा ठरली आणि त्यांना जन्मठेप होऊन अंदमानला पाठवलं गेलं. मी इंग्लिश मीडियमचा असल्यामुळे कान्हेरेंचं नाव शाळेत फक्त एका ओळीत वाचलं होतं. तो माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान होता हे आता लिहिताना लक्षात येतंय.

युरोपात तर ब्राउनिंग हे माणसाचं नाव राहिलंच नाही. फ्रेंच भाषेत ते सामान्य नाम झालं, आपण झेरॉक्स म्हणतो तसं. जानेवारी १९१४ मध्ये एफएनने दहा लाख पिस्तुलं पूर्ण झाल्याची मेजवानी दिली आणि बेल्जियमच्या राजाकडून ब्राउनिंगला ऑर्डर ऑफ लिओपोल्ड हा सन्मान मिळाला. त्यानंतर पाच महिन्यांनी, २८ जूनला, सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिप ह्या एकोणीस वर्षांच्या मुलाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी ह्यांना मारलं. हातात ०.३८० चं एफएन १९१०. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला जर्मन सैन्य शिरलं ते लिएजमध्येच, जिथे हे पिस्तूल बनलं होतं. कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला.

आपल्याकडचा आणखी एक धागा सांगायला हवा. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत नथुराम गोडसेने गांधीजींवर गोळ्या झाडल्या त्या इटालियन बेरेटा पिस्तुलातून. पिस्तूल ब्राउनिंगचं नव्हतं, पण त्यातलं काडतूस त्याचंच होतं, तेच ०.३८०, जे इटालियन लोक ९ मिलिमीटर कोर्तो म्हणायचे. ह्याही वेळी अंतर काही पावलांचंच होतं.

ब्राउनिंगच्या उरलेल्या आयुष्यात मोठी कामं खूप झाली. मोठ्या ०.४५ च्या पिस्तुलात त्याने नळीला खाली एक छोटी लिंक जोडली. नळी आणि स्लाइड थोडं अंतर एकत्र मागे येतात, मग लिंकमुळे नळी खाली झुकते आणि स्लाइड मोकळी होते. मेकॅनिझमच्या दृष्टीने इतकं सोपं की व्हायवाला विचारलं तर आपण त्यात काही तरी राहिलंय असं समजू. मार्च १९११ मध्ये अमेरिकन सेनेने कोल्ट आणि सॅव्हेज ह्या दोन कंपन्यांच्या पिस्तुलांची परीक्षा घेतली. प्रत्येकातून सहा हजार गोळ्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. सॅव्हेज ३७ वेळा अडकलं, ब्राउनिंगचं एकदाही नाही. २९ मार्चला ते एम १९११ म्हणून स्वीकारलं गेलं आणि पुढची सत्तरहून जास्त वर्षं अमेरिकन सैन्याचं मुख्य पिस्तूल राहिलं. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा मशीनगन आणि ऑटोमॅटिक रायफल दोन्ही त्याच्याच निवडल्या गेल्या. नेहमीच्या रॉयल्टीने जेवढे पैसे झाले असते त्याच्या खूपच कमी रकमेवर त्याने सरकारला हक्क दिले आणि घासाघीस केली नाही. ०.५० ची मोठी मशीनगनही ह्याच काळातली, ती अजून वापरात आहे.

घरी तो साधाच माणूस होता. ऑग्डनचं वर्कशॉप शेवटपर्यंत चालू. सावत्र भाऊ एड त्याच्या कल्पनांचे पार्ट मशीनवर बनवून द्यायचा, मॅट धंदा सांभाळायचा. मॅट १९२३ मध्ये गेला. ब्राउनिंग मात्र बोटीने बेल्जियमच्या फेऱ्या करतच राहिला.

शेवटचं पिस्तूल त्याने हाती घेतलं ते फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून, जास्त गोळ्या मावणारं. इथे एक मजेशीर अडचण झाली. एम १९११ ची पेटंट्स त्याने कोल्टला विकून टाकली होती. त्यामुळे स्वतःच्याच कल्पना टाळून त्याला नवीन मार्ग शोधावा लागला. स्वतःच्याच असाइनमेंटची कॉपी करायला बंदी! ते काम अर्धवट असतानाच २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एर्स्तालच्या कारखान्यात, मुलगा व्हॅल ह्याच्या ऑफिसमध्ये, त्याचं हृदय बंद पडलं. वय ७१. दफन ऑग्डनला झालं. त्या पिस्तुलाचं पेटंट तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२७ मध्ये मिळालं.

पुढे कोल्टची जुनी पेटंट्स संपली. मग एफएनच्या द्यदोने सेव्ह ह्या डिझाइनरने ब्राउनिंगच्या जुन्या आणि नव्या कल्पना एकत्र केल्या, त्यात स्वतःचं दोन रांगांचं मॅगझिन बसवलं आणि १९३५ मध्ये तेरा गोळ्यांचं ९ मिलिमीटरचं हाय पॉवर पिस्तूल तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडात बनलं. तिथून ते भारतीय सैन्यात आलं आणि नंतर बंगालमध्ये ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए ह्या नावाने बनू लागलं. वजन किलोच्या आसपास, त्यामुळे खिशात घालायचा प्रश्नच नाही. एनसीसीच्या कॅम्पला गेलेल्या पोरांनी आर्मीच्या एखाद्या साहेबांच्या कमरेला लावलेलं पाहिलं असेल.